नॉयेनतालचा रिपोर्ट

शारजाच्या अल नहदा भागातल्या फ्लॅटमध्ये अजीज दुपारपासून येरझाऱ्या घालत होता. टेबलावर टाइप केलेला रिपोर्ट पडला होता. फक्त त्याची सही बाकी होती.

रत्नागिरीकडचा अजीज शारजातल्या एका कंपनीत हलाल तपासनीस होता. कंपनी ब्राझीलमधल्या नॉयेनताल गावातून फ्रोझन चिकन आणायची. सत्त्याण्णवपासून दोन वर्षं अजीज तिथल्या कारखान्यावर देखरेखीला होता, आणि गेल्याच आठवड्यात दहा दिवसांची तपासणी करून परतला होता.

गाव वसवलं जर्मनीहून आलेल्या शेतकऱ्यांनी. त्याची तिथली घरमालकीण हेडविग सांगायची, "पणजोबांना नदीकाठची खडकाळ जमीन मिळाली. आधी जंगल तोडून लाकूड विकलं. मग डुकरं पाळली, चरबीचा कारखाना काढला. लोक सोयाबीनचं तेल खायला लागले आणि कारखाना बसला. मग तुम्ही अरबस्तानातले आलात." डुकरं गेली, कोंबड्या आल्या. गावातलं प्रत्येक घर त्यावर जगू लागलं. अजीजसाठी हेडविगने वेगळी कढई घेतली होती.

आता २००१ मध्ये मालक विजयकुमारना दुसरीकडे स्वस्त माल मिळत होता, पण नॉयेनतालचा करार अजून वर्षभराचा होता. कत्तलीत खोट निघाली तरच तो मोडता येणार होता.

"दोन ओळींचा प्रश्न आहे," ते सकाळी म्हणाले होते. "कोंबडी कापताना बिस्मिल्ला म्हणत नाहीत, एवढंच. सही कर, खलास."

"साहेब, मी तिथे उभा होतो. म्हणतात."

"उभा होतास म्हणूनच तुझी सही हवी. मार्चमध्ये तुझा व्हिसा रिन्यू करायचाय, लक्षात आहे ना?"

त्याची बायको सबा शाळेतून मुलीला घेऊन आली. तिने कागद वाचला.

"सही केली तर?"

"ते गाव उठेल."

"आणि नाही केली तर?"

"आपण."

सबाने कागद परत टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "मुलीच्या शाळेचं मला टेन्शन आहेच. पण अल्लाच्या नावावर खोटं लिहून आणलेला घास माझ्या गळ्याखाली उतरणार नाही."

अजीजने दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने रिपोर्ट लिहिला: दोष आढळला नाही. विजयकुमारनी तो वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "बरं."

मार्चमध्ये व्हिसा रिन्यू झाला नाही. अजीजला फुजैरा बंदरात जहाजांना अन्न पुरवणाऱ्याच्या कोल्ड स्टोअरवर कमी पगाराची नोकरी मिळाली. सबा आणि मुलगी आठ महिने रत्नागिरीला राहिल्या.

त्या फुजैराला आल्यावर काही दिवसांनी हेडविगचं पत्र आलं. करार संपला होता, पण मिळालेल्या वर्षभरात गावाने कुवेतचं एक छोटं गिऱ्हाईक शोधलं होतं. कारखान्याची एक पाळी चालू होती, दुसरी बंद. तिचा मुलगा कामासाठी शहरात गेला होता.

"म्हणजे अर्धं गाव वाचलं," सबा म्हणाली.

"अर्धं गेलंही," अजीज म्हणाला. रिपोर्टचं हेडविगला कळवावं असं एकदा त्याच्या मनात आलं, पण त्याने नुसती खुशाली लिहिली. पाकीट बंद केलं, आणि घरात बसवेना म्हणून चपला घालून बंदराकडे चालू लागला.