भाल्याचा फासा कोणी खोडला

मी एक जुना खोडरबर आहे. मित्रांनो, सुरुवातीलाच एक विचारून घेतो. तुमच्यापैकी कोणाला खोडरबरात पेन्सिलीचं टोक खुपसून भोकं पाडायची सवय आहे का? असेल तर त्यांनी जरा लांब बसावं. मी सगळ्यांकडे संशयानेच पाहतो, त्याला माझा इलाज नाही. माणसं माझ्याकडे येतात ती चुकल्यावरच. मग जगात काही बरोबरही असतं, यावर माझा विश्वास कसा बसणार?

माझा जन्म कारखान्यातला. एका लांबलचक पांढऱ्या पट्टीचा मी तुकडा. यंत्राने पट्टी कापली, माझ्या अंगात निळ्या कागदाचा सदरा चढवला आणि आम्हा चाळीस भावंडांना एका खोक्यात दाटीवाटीने बसवलं. शेजारचा भाऊ माझ्यापेक्षा किंचित जाड आहे, अशी शंका मला तेव्हाच आली होती. पुढे औषधांचं शिक्षण घेणाऱ्या एका मुलीने मला विकत घेतलं. तिने दुकानातच कागदावर रेघ ओढली, मला घासून पाहिलं, कागद उजेडासमोर धरला आणि मगच मला दप्तरात टाकलं. ही माझ्यासारखीच आहे, हे मी तेव्हाच ओळखलं.

ती मुलगी म्हणजे आमची ताई. आता ती एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. डॉक्टरांची चिठ्ठी ती दोनदा वाचते आणि पेशंटला एकदा वाचायला लावते. घरगुती उपायांचा तिला भारी राग. पण रविवार आला की हीच ताई घरगुती शस्त्रं बनवायला बसते.

ही शस्त्रं म्हणजे कागदावरची बरं का. दर रविवारी दुपारी तिच्या घरी गोष्टीचा खेळ रंगतो. प्रत्येक खेळाडू एकेक पात्र होतो, ताई सूत्रधार होऊन गोष्ट सांगते, आणि वार लागला की हुकला हे फासे ठरवतात. नियमांचं जाडजूड पुस्तक आहे, त्यात पानंच्या पानं तलवारी आहेत. ताईला त्यातली एकही पटत नाही. "कोणालाही कुठलीही तलवार? दुकानात असं औषध देतात का?" असं म्हणून ती प्रत्येकासाठी वेगळं शस्त्र घडवते आणि औषधासारखा प्रत्येक शस्त्राला एक दुष्परिणाम जोडते.

तिचा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो, म्हणून त्याच्या पात्राला तिने कप्पीची साखळी दिली. साखळी राक्षसाला वर उचलते, पण नंतर एक डाव हात बधिर राहतात. भावजय शिवणकाम करते. तिला मिळाली एक मोठी कात्री, जी उघडली की दोन खंजीर होतात, पण मग ढाल धरता येत नाही. तिसरे खेळाडू काका. ते ताईकडेच राहतात, जमीन मोजणीच्या कामातून निवृत्त झालेत. त्यांच्या पात्राला तिने अंतर मोजणारा भाला दिला. तीस पावलांच्या आत पाऊल टाकणाऱ्या कोणालाही तो आधी टोचतो, आणि जखम किती खोल ते आठ बाजूंचे दोन फासे टाकून ठरतं. दुष्परिणाम असा, की वार केल्यावर पुढचा डाव जागेवरून हलायचं नाही.

नव्या शस्त्राचं कार्ड आधी पेन्सिलीने लिहायचं, हा त्या घरचा रिवाज. तीन रविवार ते कच्चं. तोवर कोणीही तक्रार करावी, सगळ्यांनी मिळून ठरवावं आणि मी खोडावं. तीन रविवार निभावले की ताई शाईने लिहिणार, म्हणजे शस्त्र पक्कं. माझ्या आयुष्यातले तेच चांगले दिवस. एका कार्डावर मी सात वेळा फिरलो, तरी कागदाला चरा पडला नाही. "खोडरबर असावा तर असा," असं भाऊच एकदा म्हणाला होता. कौतुकानेही मला शंका येते, पण ते मी लक्षात ठेवलं.

भाल्यात मात्र ताईची चूक झाली होती, आणि ती तिच्या लक्षात आली नाही. काकांचं पात्र होतं वेशीचा म्हातारा रखवालदार. तो मुळातच जागेवरून हलत नसे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला 'चालू नका' असं बजावण्यातलाच हा प्रकार. दुष्परिणाम लागूच पडेना. दोन रविवार असं झालं, की राक्षस दिसला रे दिसला की काकांचा भाला त्याला लोळवी. भावजय नवी खेळाडू. ती बिचारी कात्री हातात धरून आपली पाळी यायची वाट बघत बसे.

"काका, एखादा राक्षस आमच्यासाठी शिल्लक ठेवा की," भाऊ म्हणाला.

"माझं काय चुकलं? भाला टोचतो, मी नाही टोचत," काका म्हणाले.

त्या आठवड्यात ताईने मला पांढऱ्या कोटाच्या खिशात घालून दुकानात नेलं, साठ्याचा तक्ता पेन्सिलीने करायचा होता म्हणून. कार्डांचा पत्र्याचा डबा घरीच होता. रविवारी आम्ही सगळे पुन्हा टेबलावर जमलो. राक्षस आला. काकांनी भाला चालवला आणि एकच फासा टाकला.

"काका, दोन फासे ना?" ताईने विचारलं.

"कार्डावर एकच आहे," काका म्हणाले.

ताईने कार्ड उचललं. 'दोन' होतं तिथे आता 'एक' होतं, आणि आजूबाजूचा कागद घासून चकाकत होता. तेवढ्यात भाऊ हसला. "बरं झालं. आता आम्हालाही काही उरेल," म्हणाला. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. माझ्याशिवाय खोडलं कोणी? बुधवारी काकांचा दिवा दुरुस्त करायला हाच येऊन गेला होता, असं काकांच्या तोंडून ऐकलं होतं; तेव्हा ताई दुकानात होती. याच्या खिशाला कायम एक पेन्सिल असते, आणि तिच्या शेपटीला गुलाबी रबर. त्या शेपटीवाल्या रबरांवर माझा कधीच विश्वास नव्हता. कागद काळा करून ठेवतात मेले.

ताईच्याही डोळ्यांत तेच आलं. तिने भावाच्या खिशाकडे पाहिलं, कार्ड खाली ठेवलं आणि म्हणाली, "हं. पुढे चला." त्या दिवशी भावजयीच्या कात्रीने पहिला राक्षस मारला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईने जरा उशिराच वाजवल्या.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी डबा घरातल्या औषधांच्या कपाटात गेला आणि कपाटाला कुलूप लागलं. सगळी कार्डं तिने शाईने लिहून काढली, कच्चं-पक्कं हा प्रकारच बंद. प्रत्येक कार्डाचा फोटो काढून ठेवला. भावाच्या साखळीला आणखी दोन दुष्परिणाम चिकटले. संशयाची कावीळ झाली की सगळं पिवळंच दिसतं, आणि ताईला तर भाऊ फासे कुठल्या हाताने उचलतो हेसुद्धा दिसू लागलं.

"ताई, हल्ली मी फासा टाकला की तू वाकून बघतेस," तो एकदा म्हणाला.

"लांबून आकडा दिसत नाही."

"इतरांचा दिसतो?"

ताईने चष्मा पुसला आणि गोष्ट पुढे सांगू लागली. भावजय कधी नवऱ्याकडे, कधी नणंदेकडे पाहत राहिली.

पुढच्या रविवारी भावाचा निरोप आला की कामाची वेळ बदलली आहे. त्याच्या पुढच्या रविवारी निरोपही आला नाही. टेबलाशी काका आणि ताई दोघंच. दोघांत कसला खेळ होणार? मी कपाटात, मुदत संपलेल्या मलमाच्या नळीशेजारी पडून होतो. शाई आल्यावर मला कोण विचारतो? माझं अंग कडक होऊ लागलं, कडा पिवळ्या पडल्या. तरी खरं सांगतो मित्रांनो, मनातून मी खूश होतो. चोर सापडला, असं मी स्वतःला सांगत होतो. ताई मात्र झुरत होती. आई गेल्यापासून या दोघा भावंडांना रविवारची दुपार तेवढी एकत्र मिळायची, आणि तीच तिच्या हातून निसटत होती. कुलूप उघडून ती डब्याकडे बघायची आणि पुन्हा लावायची.

एकदा ती अशीच कपाट उघडून उभी असताना काका मागे आले. "दोघं का येत नाहीत गं? सूनबाईंना बरं नाही का?"

"बरं आहे तिला. त्यानेच तुमच्या भाल्याचा फासा खोडला, काका. कळलं म्हणून तोंड लपवतोय."

"कोणी खोडला?" काका गोंधळले. "अगं, मी खोडला."

"तुम्ही? कशाने?" ताईने विचारलं.

"नकाशांच्या पेटीत माझा मऊ रबर आहे ना, त्याने. सूनबाई दोन रविवार नुसती कात्री धरून बसली होती. म्हटलं, मिळू दे तिला एखादा राक्षस."

"मला का नाही सांगितलंत?"

"इतका मन लावून बनवलेला भाला. त्यात खोट आहे म्हणालो असतो तर तुला लागलं असतं. आणि तू कार्ड पाहिलंस की. 'पुढे चला' म्हणालीस. मला वाटलं, तुला चाललं."

मला त्या कपाटात तोंड लपवायला जागा मिळेना. शेपटीचा गुलाबी रबर निर्दोष होता. मी आणि ताईने साप साप म्हणून भुई धोपटली होती.

ताईने डबा उचलला, मलाही त्यात टाकलं, आणि ती तडक भावाच्या घरी गेली. तो दारातच स्टुलावर उभा राहून बेलची तार जोडत होता. तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. माझं चुकलं, असंही म्हणाली.

"मला माहीत होतं," तो तार सोलत म्हणाला. "कपाटाला कुलूप लागलं तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू विचारलं कुठे? न विचारता सांगत सुटलो असतो, तर चोरच वाटलो असतो."

ताई रडली. त्याने स्टुलावरून उतरून तिला पाणी दिलं. भावजयीने आतून विचारलं, "ताई, जेवून जाणार ना?" तेव्हा कुठे जरा सैल झालं सगळं.

आता रविवार पुन्हा भरतो. शाईची कार्डं ताईने फाडली, नवी पेन्सिलीने लिहिली. भाल्याचा दुष्परिणाम चौघांनी मिळून ठरवला: वार केला की पुढचे दोन राक्षस काकांना दिसतच नाहीत. काका कुरकुरतात, पण त्यांना मजा येते. मला उन्हात ठेवून, कागदावर घासून ताईने पुन्हा कामाला लावलं. कडा कडकच राहिल्या.

एक गोष्ट मात्र बदलली, आणि ती बहुधा माझ्याशिवाय कोणी मोजत नाही. साखळीच्या कार्डावर काही बदलायचं झालं, की ताई पेन्सिल भावाकडे सरकवते. तो हसतो, कार्ड तिच्याकडे सरकवतो आणि म्हणतो, "तूच लिही." दोन्ही हात टेबलावर, सगळ्यांना दिसतील असे ठेवतो. ताईचा चेहरा तेवढ्यापुरता उतरतो. आजवर त्याने त्या पेन्सिलीला हात लावलेला नाही.

म्हणून सांगतो, मित्रांनो. मला चावू नका, उन्हात विसरू नका, हे तर आहेच. पण कुठे काही खोडलेलं दिसलं, तर मोठ्याने, सगळ्यांसमोर विचारा: हे कोणी खोडलं? उत्तर मिळेपर्यंत कोणाच्या खिशाकडे पाहू नका. त्याला ते दिसतं.