मी, केराबाईंच्या टोमॅटोवरचा ढेकूण

ढेकूण म्हटलं की तुम्ही आधी गादी उलथवता. थांबा. मी झाडावर राहणारा, हिरवा, शेवयीच्या तुकड्याएवढा मिरिड ढेकूण बोलतोय. माणसाच्या रक्ताशी माझा कधी संबंध आला नाही. आज मी कागदाच्या टोकावर डिंकानं चिकटवलेला, काचेच्या पेटीत आहे.

माझा जन्म मोडनिंबला, केराबाईंच्या टोमॅटोच्या रानात झाला. आईनं कोवळ्या देठात अंडं खुपसून ठेवलं होतं. पाच वेळा कात टाकली, तेव्हा कुठं पूर्ण पंख फुटले. पानांखाली पांढऱ्या माशीचा मुक्काम असायचा. तिची पिल्लं खाऊनच आम्ही वाढलो. खोटं कशाला सांगू, माशी मिळेनाशी झाली की आम्ही देठालाही सोंड लावतो, तिथं तपकिरी कडं उमटतं. पण त्या रानात माशी उदंड होती, आणि झाडांना आमचाच आधार होता.

केराबाईंना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी फवारणीचा पंप भरायला घेतला, तशी त्यांची भाची सुकन्या धावत आली. ती सोलापुरात शेतीचं शिक्षण घेत होती.

"आत्या, थांब की! आदी बगू तर दे."

तिनं मला काचेच्या नळीत घेतलं, भिंग लावलं. "हे बग, डोक्यावर बारके डोळे न्हाईत, दोन मोठेच हायत. पंखाच्या टोकाला तिकोनी तुकडा हाय, तितनं पंख खाली वाकलाय. म्हंजी मिरिड. आता मिशीवरची काळी कडी बग, गुडघे बी काळे. प्रजाती नेसिडिओकोरिस!"

केराबाई हसल्या. "एवडुशा जिवाला एवडं लांबडं नाव?"

"आपला हाय त्यो, आत्या. औषध मारू नगंस."

आपला! मला असं कुणी म्हटलं नव्हतं. अभ्यासासाठी तिनं मला नळीतल्या स्पिरिटात बुडवलं, मग कागदाच्या टोकावर चिकटवून खाली चिठ्ठी लावली: प्रजातीचं नाव आणि 'मित्रकीटक'. जीव गेला, पण मनात राग नव्हता. रानातले बाकीचे तर वाचले होते.

शिक्षण संपलं आणि सुकन्याला फवारणीच्या औषधांच्या एका कंपनीत नोकरी लागली. गावोगाव शेतकऱ्यांचे मेळावे घ्यायचे, औषध खपवायचं. वाटलं, आता ती मला चारचौघांत दाखवील.

दाखवलंच तिनं. मोडनिंबच्या मेळाव्याआधी माझ्याखालची चिठ्ठी उपटली. प्रजातीचं नाव गेलं, 'मित्रकीटक' हा शब्द गेला. नव्या चिठ्ठीवर तिनं लाल शाईनं लिहिलं, 'टोमॅटोची घातक कीड.' शेजारी तपकिरी कडं पडलेल्या देठाचा फोटो लावला. फोटो खरा होता, म्हणून तर जास्त लागलं. लिहिताना तिचा हात मध्येच थांबला होता. मी पाहिलं. मग तिनं ओळ पुरी केली.

मेळाव्यात केराबाई पुढंच बसल्या होत्या. पेटीकडं वाकून म्हणाल्या, "सुकन्ये, ह्यो त्योच न्हवं? तू आपला म्हनली हुतीस."

मागं तिचे साहेब उभे होते.

"त्यो येगळा, आत्या. दिसायला सारकाच असतोय."

"मग मारू औषध?"

"मार की."

भाचीचा शब्द. केराबाईंनी सगळं रान फवारून काढलं.

माझे भाऊबंद संपले. माशी मात्र औषधाला सरावलेली, ती परतली, आणि तिला खाणारं कुणी उरलं नव्हतं. पानं वाटीसारखी वळली, फळ धरेना. शेवटी उभं पीक उपटावं लागलं. हे मला कळलं ते केराबाई वाळलेलं झाड हातात घेऊन सुकन्याच्या ऑफिसात आल्या तेव्हा.

"सुकन्ये, खरं सांग. तुला ठाऊक हुतं का?"

मी दोघींच्या मधे, टेबलावरच होतो. आता तरी ती बोलेल, असं वाटलं.

"न्हवतं, आत्या. माझी वळकायला चूक झाली."

केराबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "असू दे, बाय. शिकतीयास अजून." झाड तिथंच ठेवून त्या निघून गेल्या.

सुकन्यानं पेटी खणात सरकवली. तेव्हापासून मी अंधारात आहे. आम्हाला न ओळखणाऱ्या कुणी मारायला लावलं असतं, तर माझी काही तक्रार नसती.

कधी हा खण तुमच्या हातून उघडला, तर लाल चिठ्ठी वाचू नका. भिंग घ्या आणि मला बघा. मी कोण, ते अजून माझ्या अंगावरच आहे.