चार चमच्यांचं जेवण

मित्रांनो, मी एक जुना मिक्सर आहे. बूड लोखंडी, भांडं जाड काचेचं आणि बटणं दोनच: एक हळू, एक जोरात. आवाज मात्र असा, की मेक्सिकोतल्या वेराक्रूझ बंदराच्या मंडईत मी सुरू झालो की शेजारचा मासेवाला भाव सांगायचा थांबत असे. सध्या मी एका कपाटावर, मोडक्या पंख्याशेजारी पडून आहे. इथे कसा आलो ते सांगतो. गोष्ट आनंदाची नाही, पण ऐका.

हर्लिंडाबाईंनी मला आणलं तेव्हा त्यांचा नवरा गोदीत हमाली करत होता आणि थोरला मुलगा नाबोर पाच वर्षांचा होता. मंडईच्या दारातच बाईंची टपरी होती. केळं, चिकू, आतून विटेसारखं लाल असलेलं मामेय, जे हंगामात मिळेल ते दुधात फिरवायचं आणि वरून डब्यातल्या गोड घट्ट दुधाची धार सोडायची. कामावर जाणारे लोक उभ्या उभ्या ग्लास रिकामा करत आणि म्हणत, "बाई, तुमच्या हाताला गोडी आहे." कौतुक बाईंचं व्हायचं, पण मीही मनातल्या मनात फुगायचो.

धाकटी मारिक्रूझ रांगत होती तेव्हा तिचे वडील जहाजाच्या तळात पडून गेले. नाबोर दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बाईंनी मोठा ग्लास भरून त्याच्या हातात दिला. त्यानं तो एका दमात संपवला आणि म्हणाला, "अजून." बाईंच्या जिवात जीव आला. त्या दिवसापासून त्या घरात दुःखावर ते एकच औषध झालं. पोरगा नापास झाला, घ्या ग्लास. शेजारच्या पोरीनं नाही म्हटलं, घ्या ग्लास. मी गरगरत राहिलो. कशासाठी फिरायचं, हे मिक्सरला कोणी विचारत नाही.

नाबोर उंच झाला, रुंद झाला, पण कामात वाघ निघाला. तिशीच्या आतच त्याला गोदीतली मोठी क्रेन मिळाली. आभाळातल्या त्या काचेच्या खोलीत बसून तो मालाचे डबे इतके अलगद उतरवी, की खाली अंडी असती तरी फुटली नसती. घरी आला की सांगे, "आई, तिथं वर मला माझं वजनच कळत नाही."

खाली मात्र ते सगळ्यांना कळत होतं. सोबती म्हणायचे, "नाबोर, तू कशाला चढतोस? क्रेनच येईल खाली तुला भेटायला." तोही हसायचा. एके सकाळी शिडीच्या मध्यावरच त्याचा दम संपला. चौघांनी दोर लावून त्याला उतरवलं. मग साहेबांनी त्याला फाटकावर गाड्यांचे नंबर लिहायला बसवलं. तेव्हा त्याचं वजन एकशे शहात्तर किलो होतं. साहेब म्हणाले, "पन्नास किलो उतरव, शिडी तुझीच आहे."

दोन वर्षं वाट पाहून सरकारी दवाखान्यात त्याचं ऑपरेशन झालं. पोटाचा मोठा भाग डॉक्टरांनी कापून काढला, केळ्याएवढा ठेवला. टपरीवर एव्हाना नवा मिक्सर आला होता, म्हणून मला घरी नेलं. पहिले दोन आठवडे नुसता गाळलेला रस्सा होता. मग माझी पाळी आली. मारिक्रूझनं दवाखान्याचा कागद ओट्यावरच्या भिंतीला चिकटवला. चिकन रश्शातच वाटायचं. काळा घेवडा वाटून गाळायचा. गाठ नको, साल नको, गोड तर मुळीच नको. एका वेळी चार चमचे, तेही अर्धा तास लावून.

पहिल्या दिवशी त्यानं लहान बाळाचा चमचा घेतला. दुसरा घास जरा घाईनं गिळला आणि तो छातीत अडकला. घामाघूम होऊन तो मोरीशी धावला. परत आला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं.

"भूक लागलीय का रे?" बाईंनी विचारलं.

"भूक नाही गं. भूक असती तर बरं होतं. मला चावायचंय, आई. कुरकुर आवाज होईल असं काहीतरी चावायचंय."

त्याला मोह नको म्हणून बाईंनी घरात मासे तळणं बंद केलं. त्या टपरीवरच काहीबाही खाऊन येत. मारिक्रूझ औषधांच्या दुकानात नोकरीला होती, ती तिकडेच जेवे. सगळ्यांनी हे मायेपोटीच केलं. पण त्यामुळे तो एवढा मोठा माणूस रिकाम्या टेबलाशी एकटा बसून घड्याळाकडे बघत चार चमचे संपवायचा.

फक्त एका रविवारी मारिक्रूझ त्याच्यासमोर बसली. उकडून वाटलेला चौचौ, दुधीसारखी ती पाणचट फळभाजी, तिनं स्वतःच्या वाटीतही घेतला.

"दादा, हे खायचं असतं की भिंतीला लावायचं?"

"दोन हात दिलेस तर ओल थांबेल," नाबोर म्हणाला आणि पोटावरचे टाके धरून हसला. त्या दिवशी त्याची वाटी निमूट रिकामी झाली. पुढच्या रविवारी तिला दुकानात जावं लागलं. नंतर ते राहूनच गेलं.

वजन उतरत होतं. दोन महिन्यांत चोवीस किलो गेले. पण केसही गळू लागले, गाल बसले, आणि तो तासन्‌तास खुर्चीत बसून राही. बाई दारातून बघत. त्यांना त्याच्यात शवपेटीतला नवरा दिसायचा. एका सकाळी, घरात तिसरं कोणी नसताना, त्यांनी माझ्यात केळं टाकलं, दूध ओतलं आणि एप्रनमध्ये लपवलेला गोड दुधाचा डबा काढला. मी तो वास ओळखला. मला थांबता आलं असतं तर मी थांबलो असतो.

"एकच घोट, लेकरा. माझ्यासाठी."

नाबोरनं भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं आणि प्यायला. मित्रांनो, घास अडकतो, पण गोड पातळ पदार्थ कुठेच अडकत नाही. केळ्याएवढ्या पोटातूनही तो सरळ घसरत जातो. त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला. बाई रडल्या. दुसऱ्या दिवशी दोन घोट झाले, महिन्याभरात दिवसाला चार ग्लास.

वजन आधी थांबलं, मग चढू लागलं. मारिक्रूझला ओट्याखाली रिकाम्या डब्यांचं पोतं सापडलं.

"आई, हे काय आहे?"

"मी मागितलं," नाबोर म्हणाला. "तिला काही बोलू नकोस."

"तू कागद वाचतेस," बाई शांतपणे म्हणाल्या, "मी माझ्या पोराचं तोंड वाचते."

"त्याला वर जायचं होतं, आई."

मारिक्रूझनं माझी वायर ओढली, मला काखोटीला मारलं आणि दुकानाजवळ नव्यानं घेतलेल्या भाड्याच्या खोलीवर आणून या कपाटावर ठेवलं. तिला वाटलं, मिक्सर गेला की सगळं थांबेल. बाईंनी दुसऱ्याच दिवशी नवा आणला.

याला आता तीन वर्षं झाली. ती क्रेन दुसरा माणूस चालवतो. रक्तातली साखर वाढून नाबोरच्या पायाला झालेली जखम भरत नाही, त्यामुळे फाटकावरची नोकरीही गेली. पुन्हा ऑपरेशन करण्यात अर्थ नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मारिक्रूझ आठवड्यातून एकदा फोन करते. "जेवलास का, दादा?" असं विचारते आणि तो हो म्हणाला की फोन ठेवते.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, माझं पातं धुऊन कोरडं करा, असं मी सांगणार नाही. मी यंत्र आहे, माझं काय. पण तुमच्या घरी कोणाला पथ्याचं बेचव जेवण जेवावं लागत असेल, तर त्याच्या वाटीत चोरून गोड घालू नका. आपली वाटी घेऊन शेजारी बसा. एक दिवस नाही, रोज बसा. हे फार अवघड नसावं. आमच्या घरात मात्र ते कोणालाच जमलं नाही.