न दुखणारा पाय

सांडू सरांचा तो टॉवेल आठवला तरी मला अजून मळमळतं. एकाचा घामट तळवा पुसायचा, त्याच टॉवेलनं दातेरी लाकडी दांडकं पुसायचं आणि तेच पुढच्याच्या टाचेत खुपसायचं. हर्सूलच्या त्या मंगल कार्यालयात सरांच्या शिबिराला माणसं पाय उघडे टाकून रांगेनं बसलेली. मी दारातच नाकाला पदर लावला.

सरांचं अॅक्युप्रेशर सोपं होतं. दाबल्यावर दुखलं, की रोग आहे. दुखायचं थांबलं, की रोग गेला. माझ्या सासूबाई, भागूबाई, पहिल्याच दिवशी पास झाल्या. कशाला दुखेल? कित्येक वर्षांची साखर. डॉक्टरांनी बजावलं होतं, "पाय बधिर झालेत. जखम झाली तरी कळणार नाही. तळवे रोज बघा, नाहीतर पाय कापावा लागेल." मी रोज बघतही होते. पण सरांनी चुंबकाचे मोजे दिले. शिबिराच्या समारोपापर्यंत काढायचे नाहीत, ते घालूनच घरी काट्यांच्या पाटावर चालायचं.

"आई, एकदा बघू तरी द्या," मी म्हणायचे.

"नगं गं. गुण निघून जातो म्हणं."

सासरे, नानासाहेब, वर डाफरायचे. "तू गप ऱ्हाय, सुरेखा. तुझ्या डॉक्टरनं लई दिवे लावले!"

मग घरात वास सुटला. उंदीर मेला असेल म्हणून मी फ्रिज सरकवला, ज्वारीची कोठी उपसली. काही सापडलं नाही.

समारोपाला सरांनी सासूबाईंना स्टेजवर खुर्चीत बसवलं आणि स्वतः मोजे काढले. डावा निघेना, चिकटला होता. ओढला तसा तोच वास पहिल्या रांगेत माझ्यापर्यंत आला.

सरांनी पाहिलं. अंगठ्याखालचं काळं भोक, त्यातून ओघळणारा पू, सगळं पाहिलं. त्या नीच माणसानं रुमाल नाकाला लावला, सासूबाईंना काट्यांच्या पाटावर उभं केलं आणि माइकवर म्हणाला, "बघा! हूं नाही की चूं नाही!"

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात नानासाहेबांच्या.

मी स्टेजवर धावले. सासूबाईंना खुर्चीत बसवून तो पाय मांडीवर घेतला. साडीला पू लागला, त्याची किळस नाही आली. सर खाली वाकून कानाशी पुटपुटले, "ताई, पब्लिकसमोर तमाशा नको," त्याची आली. मला हुंदका आवरेना.

सासूबाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "रडती कशाला गं येडे? मला तं काहीच दुखत नाय."

माइक चालू होता. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.