लाइनीवर लावायचं नाही

जालन्याच्या भंगारात काय येईल याचा नेम नाही. जहाजांचे पत्रे येतात, परदेशातल्या मोटारींची दारं येतात, आणि सगळं भट्टीत जाऊन सळई होऊन बाहेर पडतं. त्या ढिगात सोमेश्वरला एक डबा दिसला. गिटारचा जुना विलायती ॲम्प्लिफायर, शाळेच्या दप्तराएवढा, आत काचेचे व्हॉल्व्ह. त्यानं तो भट्टीच्या तोंडातून वाचवला. तो तिथंच वितळला असता तर किती बरं झालं असतं, हे आता म्हणायचं.

सोमेश्वर घनसावंगीच्या बँडपार्टीत गिटार वाजवायचा. लोक नाचणार बेंजोवर, गिटारला विचारतो कोण? पण याला भारी हौस. डबा घेऊन तो थेट परवेजकडे आला. परवेज त्याचा शाळासोबती आणि बँडचा मिस्त्री. भोंगे, माइक, जनरेटर, सगळं त्याच्याच हातचं.

डबा चालू केला तर बोलायचा कमी आणि घुमायचाच जास्त. "घूं" असा आवाज, मधमाश्यांच्या पोळ्याशेजारी बसल्यासारखा. परवेजनं वाळून गेलेले पुर्जे बदलले, मंडपवाल्याकडचा मोठा स्पीकर जोडला. आवाज गाडीभर झाला, तसं घुमणंही गाडीभर झालं. मग त्यानं लोखंडी चौकटीला टेकलेला एक छोटा पुर्जा काढला आणि तिथं सरळ तार जोडली. घूं एकदम थांबलं. सोमेश्वरनं तार छेडली तर आवाज असा निघाला की समोरचा चहावाला गाळणी हातात धरून उभाच राहिला. बँडवाल्यांनी परवेजला खांद्यावर घेतलं. कौतुकानं माणूस हरभऱ्याच्या झाडावर चढतो, तसा तोही चढला.

ख्वाजामियाँ तेवढे चढले नाहीत. ते परवेजचे मामू आणि उस्ताद, आयुष्यभर व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त केलेले. त्यांनी गिटारच्या तारेला टेस्टर लावला. टेस्टरमधला दिवा लालभडक पेटला.

"ये पुर्जा कायकू निकाला?" मामू म्हणाले. "तारां में लाइन आ गई. ट्रान्सफॉर्मर डाले बगैर ये डब्बा किसी के हाथ में नक्को देना."

परवेजला ते कळत नव्हतं असं नाही. असल्या डब्यात लाइनचा करंट सरळ चौकटीत उतरतो, तिथून गिटारच्या तारांत जातो, आणि त्या पुर्ज्यानं तो कसाबसा अडवून धरला होता. मध्ये ट्रान्सफॉर्मर बसवला की धोका संपला. तो त्यानं संभाजीनगरहून मागवलाही होता, पण वाटूरचं लग्न त्याच्या आधी आलं. काढलेला पुर्जा परत लावायला दहा मिनिटं पुरली असती. मग घूं परत आलं असतं, आणि खांद्यावर घेणाऱ्यांनी खाली उतरवलं असतं. परवेजनं स्वतःची समजूत काढली: बँडच्या गाडीवर जनरेटर असतो, जनरेटरचा करंट लाइनीच्या करंटासारखा जमिनीकडे धावत नाही, आणि सोमेश्वरच्या पायात बूट असतातच. एका लग्नाचा तर प्रश्न.

"बराबर झालं ना?" सोमेश्वरनं विचारलं.

"बिलकुल," परवेज म्हणाला.

खरं त्यानं कुणालाच सांगितलं नाही. जनरेटर सांभाळणाऱ्या कचरूला फक्त बजावलं, हा डबा लाइनीवर लावायचा नाही. कचरूनं मान डोलावली. आकडे टाकून वीज चोरण्यावरून वीजवाल्यांचं पथक मागच्याच महिन्यात दुसऱ्या एका बँडच्या मागं लागलं होतं, तेव्हा का म्हणून विचारायची त्याला गरज वाटली नाही.

वाटूरला मे महिन्याचं ऊन रणरणत होतं. नवरदेवाचा परण्या, लग्नाआधीची वरात, मारुतीच्या देवळाकडे निघाला. गिटारनं खरंच रंग भरला, बेंजोवाला मागं पडला. देवळाजवळ येईस्तोवर डिझेल तळाला गेलं. परवेजनं कॅन उचलला आणि मोटारसायकलवर बसता बसता कचरूला परत म्हणाला, "लाइनीवर लावू नको." फाट्यावरच्या पंपावर गर्दी होती. रांगेतच बराच वेळ गेला.

परतताना गावात शिरला आणि त्याच्या लक्षात आलं की जनरेटर बंद आहे. धडधड ऐकू येत नव्हती.

गिटार मात्र वाजत होती.

गर्दीपाशी मोटारसायकल आडवी टाकून तो कॅनसकट पळाला. देवळाच्या भिंतीतून एक वायर निघून गाडीवर गेली होती. देवळापुढची फरशी पोळत होती, म्हणून अनवाणी माणसांचे पाय भाजू नयेत अशा मायेनं गावकऱ्यांनी तिच्यावर बादल्या ओतल्या होत्या. नवरदेव पायरी चढत होता. आता बँडनं पायरीशी उतरून देवापुढं एक गाणं वाजवायचं, ही इथली रीत. देवापुढं बूट घालून कोण वाजवणार? बेंजोवाला अनवाणी उभा होता. सोमेश्वर गाडीच्या कडेला बसून एका हातानं दुसरा बूट काढत होता, गिटार गळ्यात.

"सोम्या, उतरू नको!" परवेज ओरडला. ताशात ते कुणाला ऐकू गेलं नाही. सोमेश्वरनं त्याला पाहिलं मात्र, आणि हातातला कॅन बघून हसला. आता डिझेल नको, काम भागलं, असं हातानंच सांगितलं. मग तारा मुठीत धरून त्यानं ओल्या फरशीवर पाय टेकवला.

गिटारीतून एकच आवाज निघाला आणि लांबतच गेला. सोमेश्वर ताठ झाला, मान मागं गेली. लोकांना वाटलं कलाकाराची लकब आहे. शिट्ट्या वाजल्या. नवरदेवाचा मामा ओवाळायला नोट काढून पुढं निघाला. परवेजनं भिंतीतली वायर उपटली तेव्हा तो मामा दोन पावलांवर होता.

सोमेश्वर गेला हे सांगायला परतूरच्या डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही.

दवाखान्याच्या ओट्यावर परवेज भिंतीला टेकून बसला होता. खिशात तो छोटा पुर्जा होता. काढल्या दिवसापासून तसाच. कचरू येऊन त्याच्यापुढं उभा राहिला. तो रडत होता, आणि आपलं काय चुकलं हे त्याला अजून कळलं नव्हतं.

"मी आकडा न्हाई टाकला, परवेजभाई," तो म्हणाला. "पुजारीबाबानं सोता बोर्ड दाखिवला. देवळाच्या मीटरची लाइन होती ती. चोरीची न्हवती."