ज्या शनिवारी गॅरेथ माझ्यावर बसला

"नीलकाका, माझ्या बाबांना यंदा संघात ठेवलंय की काढलंय?"

मार्नीनं हे क्लबच्या जेवणात, भर हॉलमध्ये विचारलं. कुणाचा काटाचमचा मटण-पॅटिसात रुतलेला तसाच राहिला, कुणाचा बिअरचा ग्लास ओठांपाशीच थांबला. खरं तर प्रश्नामागे मैत्रिणींची पैज होती. मागच्या बाकावरून इक्रा आणि पॉपी तिला कधीच्या ढोसत होत्या. "विचार ना! नाहीतर तू भित्री भागूबाई!" गेल्या वर्षापर्यंत वर्गात हजेरी देतानाही कुजबुजणारी ही पंधरा वर्षांची पोरगी ताडकन उठली, विचारून मोकळी झाली आणि मग खाली बसायचंच विसरली.

मी दाराशी उभी राहून सगळं पाहत होते. ते दार आपोआप बंद होतं, म्हणून मला त्याला टेकवून ठेवलं होतं.

मित्रांनो, मी एक जुनी टॅकल बॅग आहे. हॅगथॉर्प गावच्या रग्बी लीग क्लबची. माणसाएवढी उंच, पिंपाएवढी जाड, पोटात फोम आणि अंगावर निळं ताडपत्रीचं कातडं. खेळाडूंनी धावत यायचं, खांदा मारायचा, मला आडवं पाडायचं. मग मला उभं करायचं आणि पुन्हा पाडायचं. झालं माझं करिअर!

माझा जन्म तंबू शिवणाऱ्या कारखान्यात झाला. शेवटचा टाका घालून शिवणाऱ्या बाईनं माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "जा बाई, मार खा!" असा आशीर्वाद घेऊन जगात आलेली मी एकटीच असेन.

आणि मी मनापासून मार खाल्ला हं! मला त्यात मजाच यायची. माणूस हसताना खोटं हसू शकतो, पण धडक देताना त्याला खोटं बोलता येत नाही. कोण डोळे मिटून येतो, कोण घरी भांडून आलाय, कोणाचा खांदा दुखतोय आणि तो लपवतोय, हे मला डॉक्टरच्या आधी कळायचं. ऑस्ट्रेलियाहून आलेला एक पाहुणा तर धडक द्यायच्या नावाखाली मला नुसता मिठी मारून उभा राहायचा. बिचारा गारठलेला असायचा! आधीचे म्हातारे कोच सगळ्यांसमोर म्हणायचे, "या संघात एकदाही दांडी न मारलेली ही एकटीच." तेव्हा माझा फोम फुगून शिवणीला ताण बसायचा.

पण मित्रांनो, दोन मोसमांच्या मधले दिवस फार वाईट. मोसम संपला की कोच नील हार्डकॅसल एकेकाला छोट्या खोलीत बोलावतो. कुणी आत शीळ घालत जातो आणि बाहेर बूट काखेत मारून येतो. कपडे टांगायच्या खुंट्या रिकाम्या होतात. मग गल्लीबोळातल्या संघांतून नवी पोरं येतात. मानेपेक्षा त्यांचे कानच मोठे! त्यांच्यातून पुढचा संघ घडवायचा. गेल्या हिवाळ्यात नीलनं म्हातारे कमी करून तरुण वाढवायचं ठरवलं होतं. सात जण गेले, नऊ पोरं आली. आणि गॅरेथ ऑग्डेनचं काय, ते कुणालाच माहीत नव्हतं.

गॅरेथ म्हणजे मार्नीचे बाबा. सोळा मोसम आघाडीच्या फळीत खेळलेला माणूस, नाक तीनदा तीन दिशांना मोडलेलं. मला त्याच्याइतकं प्रेमानं कुणीच पाडलं नाही. खाली पडल्यावर माझ्या कानाशी (मला कान नाहीत, पण तुम्हाला समजलं) पुटपुटायचा, "सॉरी हं म्हातारे."

नील त्याला खोलीत बोलावतच होता, पण गॅरेथ सापडेल तर ना! निरोप पाठवला की हा गरम पाण्याच्या शॉवरखाली तासभर. गाडीपाशी गाठलं तर म्हणे, "नंतर बोलू रे, कुत्र्याला फिरवायचंय." त्याच्याकडे कुत्रा नव्हता. एकदा तर तो, सहा फूट तीन इंचाचा माणूस, माझ्या मागे लपला! नील समोरून दोनदा गेला. त्याला माझ्या दोन्ही बाजूंनी गॅरेथचे दंड दिसत होते, पण तोही मुकाट निघून गेला. म्हणजे एकाला ऐकायचं नव्हतं आणि दुसऱ्याला सांगायचं नव्हतं. एकाच शाळेत, एकाच बाकावर बसलेले मित्र ते. एकमेकांना तोंडावर "ढोल्या", "टकल्या" म्हणतील, पण हे एक वाक्य काही निघेना.

इकडे मार्नीच्या घरी मात्र जेवणाच्या टेबलावर रोज तोच विषय न बोलता वाढला जायचा. मार्नीला ते सहन होईना. म्हणून ती पैज. नाहीतर इक्रा-पॉपीच्या पैजेला कोण विचारतं?

तर, हॉलमध्ये काय झालं? गॅरेथ तेव्हा पॅटिसच्या रांगेत होता. प्रश्न ऐकताच तो बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या. नीलचं टक्कल लालबुंद झालं.

"शनिवारी नव्या-जुन्यांचा सराव सामना आहे," तो घसा खाकरत म्हणाला. "तो होऊ दे. मग बोलू."

"हूऽऽऽ!" अख्खा हॉल ओरडला. मार्नी बसली. पॉपीनं तिच्या हातात पैजेची चॉकलेटं कोंबली, पण तिनं एकही खाल्लं नाही.

शनिवारी मलाही बाहेर काढलं. माझ्यावरच्या प्रेमापोटी नव्हे! क्लबनं नव्या बॅगा घेतल्या होत्या. पिवळ्याधमक, बारीक कमरेच्या. चिखलात त्या मळतील, म्हणून आपली जुनीच बरी. पोरांनी अंग गरम होईपर्यंत मला बडवलं आणि कडेच्या रेषेबाहेर आडवं टाकलं. माझी एक शिवण उसवली, पण कुणाचं लक्ष नव्हतं.

एवढ्यात कळलं की पंच येत नाहीत. घाटात धुकं होतं आणि त्यांची गाडी तिथंच बंद पडली होती. नीलनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. प्रेक्षकांत मार्नी दिसली.

"ए ऑग्डेनची पोरगी! प्रश्न विचारायची फार हौस आहे ना तुला? मग आज उत्तरं दे!" आणि तिच्या हातात शिट्टी ठेवली.

त्याला वाटलं, पोरगी लाजेल, सगळे हसतील, हॉलची फिट्टंफाट होईल. पण मार्नी मुलींच्या संघात खेळायची आणि नियम तिला पाठ होते. तिनं शिट्टी गळ्यात घातली, केस बांधले आणि थेट मैदानाच्या मध्यभागी गेली. पहिली शिट्टी फुसकी निघाली. दुसरी मात्र अशी वाजली की धुराड्यावरचे कावळे उडाले.

जुन्यांच्या आघाडीला गॅरेथ, पोरांच्या आघाडीला रीस. हा रीस सतरा वर्षांचा, आणि त्याला खांदा मारायला खुद्द गॅरेथनंच शिकवलं होतं, माझ्यावर! "डोळे उघडे ठेव रे, ती काही चावत नाही." आता रीस चेंडू घेऊन आला, गॅरेथनं त्याला झोकात पाडलं. इथवर सगळं छान. पण नियम असा, की पाडलं की लगेच उठायचं आणि खालच्याला उठू द्यायचं. गॅरेथ उठेचना. रीस खाली, गॅरेथ वर, जसा काही दुपारी जेवून आडवा झालाय.

शिट्टी!

"अगं बाळा, उठतच होतो," गॅरेथ म्हणाला.

"उठत होतात ते दिसलं. उठला नाहीत तेही दिसलं. पेनल्टी त्यांना."

"घरी मला 'तू' म्हणतेस!"

"हे घर नाही."

कडेवरून एक आवाज गरजला. "पंच आंधळी आहे का?" ही मार्नीची आई, तिचं नाव जोडी. मग तिच्या लक्षात आलं आणि ती जराशी थांबली. "आहे माझीच! पण आंधळी आहे!"

पुन्हा तेच झालं. रीस आला, पडला, गॅरेथ वर. शिट्टी. मार्नीनं शेवटची ताकीद दिली. मला रेषेबाहेरून स्पष्ट दिसत होतं. गॅरेथ मुद्दाम करत नव्हता. तो उठायचा हुकूम देत होता आणि गुडघे ऐकत नव्हते. मार्नीलाही ते दिसलं. तिचा चेहराच सांगत होता.

तिसऱ्या वेळी ती त्याच्याजवळ उभी राहिली. सगळं मैदान बघत होतं. एक क्षण मला वाटलं, सोडून देईल. बाबाच तो. पण खाली दबलेल्या रीसचा चेहरा जांभळा पडला होता. तिनं दोन्ही हात वर केले, दहाही बोटं पसरून. म्हणजे दहा मिनिटं मैदानाबाहेर. ती काही खाली आली नाहीत.

"काय गं कार्टे!" जोडी किंचाळली. इक्रानं डोळे झाकले.

गॅरेथ मान खाली घालून रेषेबाहेर आला आणि धप्पकन माझ्यावर बसला. अठरा वर्षांत मी सगळं सोसलं, पण मित्रांनो, हे वजन वेगळंच होतं.

आणि मग मी पाहिलं, नील हळूहळू आमच्याकडे येतोय. गॅरेथनंही पाहिलं. पण जाणार कुठं? दहा मिनिटं त्याला तिथंच बसायचं होतं. नियम म्हणजे नियम.

नील माझ्या दुसऱ्या टोकाला बसला.

"थंडी आहे," नील म्हणाला.

"हं."

"गॅरेथ, पोरांना शिकवायला मला कुणीतरी हवंय. पूर्ण वर्ष. रीससारखी अजून पाच-सहा आहेत."

"म्हणजे मला काढलंस."

"हो. काढलं."

"मग सरळ सांगायचं ना टकल्या!"

"तू सापडशील तर सांगू ना ढोल्या!"

गॅरेथ माझ्या उसवलेल्या शिवणीत बोट घालून फोम चिवडत बसला. मला गुदगुल्या होत होत्या, पण हसायची वेळ नव्हती.

"गुडघा दुखतो का रे फार?" नीलनं हळूच विचारलं.

"कुठला?" गॅरेथ म्हणाला. मग बाहीनं नाक पुसून त्यानं विचारलं, "आणि हिचं काय?"

"कोणाचं?"

"हिचं. जिच्यावर बसलोयस."

"ती पण गेली. नव्या आल्यात ना."

"मग ही माझ्याबरोबर येईल."

दहा मिनिटं संपली. मार्नीनं लांबून हात केला, या आत. गॅरेथनं मानेनंच नाही म्हटलं. रीस पळत होता, पोरं त्याच्यामागे आरडाओरडा करत होती, आणि गॅरेथला ते बसून पाहायचं होतं. पण मार्नीला ते कसं कळणार? तिला वाटलं, बाबा रुसले. आपल्यावर कायमचे रुसले. उरलेला सामना तिनं ओठ चावत चालवला, आणि तरी एकही चूक केली नाही.

घरी जाताना गॅरेथनं मला मागच्या सीटवर बसवून पट्टा बांधला. शेजारी मार्नी. पुढे गॅरेथ, डोळे रस्त्यावर. वळणावर मी कलंडले आणि माझं डोकं तिच्या खांद्यावर गेलं. तिनं मला ढकललं नाही. उलट दोन्ही हातांनी धरलं आणि माझ्या ताडपत्रीत तोंड खुपसून, आवाज न करता, पार घरापर्यंत रडली. इतक्या लोकांनी मला कवेत घेतलं, मित्रांनो, पण तो गारठलेला पाहुणा सोडला, तर न पाडता धरणारी ही पहिलीच.

जोडी आमच्या आधी पोचली होती. तिनं दार उघडलं. गॅरेथ मला खांद्यावर घेऊन उभा.

"अगं बाई! एक म्हातारा पाठवला होता, दोन परत आले!"

मला स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी उभं केलं. जोडीनं तळलेल्या बटाट्याच्या जाड चिप्सवर गरम रस्सा ओतला. तिघं बसली. मार्नी चिप्स नुसत्या इकडून तिकडे सारत होती.

मी इथून एकच सांगते. मला भिजत टाकू नका, उसवले तर दोन टाके घाला, मी अजून दहा वर्षं मार खाईन. आणि नकोशी झालेच, तर तसं तोंडावर सांगा. दाराला टेकवून ठेवू नका. दार धरून उभं राहताना फार विचार येतात हो.

गॅरेथनं काटा खाली ठेवला. "मार्नी, इकडे बघ."

तिनं पाहिलं. डोळे सुजलेले.

"नीलनं मला काढलं. पण त्याच्या आधी तू काढलंस. आणि बरं झालं तू काढलंस. दुसरा कुणी असता तर मी भांडलो असतो. घरी येऊन आणखी वर्षभर म्हटलं असतं, पंचच नालायक होता." त्यानं तिच्या ताटातली एक चिप उचलली. "तिन्ही वेळा बरोबर होतीस तू. मी उठलोच नव्हतो."

"दुसऱ्या वेळी उठला होता की!" जोडी म्हणाली.

"नव्हतो गं."

मार्नीनं एक मोठा श्वास घेतला. मग तिचं हसू असं फुटलं की मलाच शिवणीतून फुटल्यासारखं झालं. ती खुर्ची मागे सारून उठली, दुपारी मैदानाच्या मधोमध उभी होती तशीच, पाय रोवून.

"आई, बाबा, मी खेळणं सोडतेय. मी पंच होणार. सोमवारी शाळेतून परस्पर पंचांच्या वर्गाला नाव घालायला जाणार आहे. आणि हे मी विचारत नाहीये, सांगतेय!"