मागच्या खिशातले हात

वेंडेल क्राउझरच्या उजव्या हाताची पाच बोटं पाच दिशांना पाहत असत. एकोणीस वर्षं बेसबॉलमध्ये कॅचर म्हणून बॅटरच्या पाठीमागे उकिडवं बसायचं आणि बॅटला चाटून आलेले चेंडू अंगावर झेलायचे, म्हटल्यावर दुसरं काय होणार! त्याची बायको आर्डिथ म्हणायची, "वेंडेलला रस्ता विचारू नका. तो हात करील आणि तुम्ही पाच गावं हिंडून याल."

एकोणीस वर्षांत तो सतरा गावांकडून खेळला. त्यातले नऊ दिवस अगदी वरच्या लीगमध्ये, रेडिओवर ज्यांची नावं ऐकू येतात त्यांच्या शेजारी बसून काढले. त्या नऊ दिवसांत बॅट हातात घ्यायची वेळ आली नाही, पण तिथल्या हॉटेलातली साबणाची एक वडी अजून त्याच्या ट्रंकेत कागदात गुंडाळलेली होती. पुढे गुडघ्यांनी साफ नकार दिला. तेव्हा केंटकीतल्या बेलकर्क गावच्या संघाने त्याला मॅनेजर म्हणून ठेवून घेतलं. लीग सगळ्यांत खालची आणि मैदानाच्या कुंपणापलीकडे गुरं चरत, पण मॅनेजरलाही खेळाडूंसारखाच पोशाख घालायला मिळतो, एवढ्यावरच वेंडेल खूश होता.

संघाचे मालक मिस्टर ओक्स. गावातला बर्फाचा कारखाना त्यांचाच, आणि बोलणंही बर्फाच्या लादीसारखं, कापून दिलेलं.

"क्राउझर, पहिल्या चारांत आलात तर पुढच्या वर्षीही तुम्हीच. पाचवे आलात तर माझ्या बायकोचा पुतण्या रिकामाच बसलाय."

तसं झालं तर वेंडेलची पुढची सोयही झालेली होती. आर्डिथच्या भावाचं डुकरांच्या खाद्याचं दुकान होतं, आणि मेव्हण्याने हौसेने एक एप्रन शिवून त्यावर 'वेंडेल' असं लाल दोऱ्याने काढूनही घेतलं होतं. तो एप्रन पोस्टाने आला त्या दिवशी वेंडेल जेवला नव्हता.

सप्टेंबरातल्या कामगारांच्या सुट्टीचा दिवस उजाडला तेव्हा हंगामाचा एकच सामना उरला होता आणि बेलकर्क चौथ्या जागेसाठी टॅनरी गावच्या संघाशी अगदी बरोबरीत होतं. सामनाही त्यांच्याशीच. टॅनरीचा मॅनेजर व्हर्जिल टॅकेट. त्या हंगामात व्हर्जिलशी तेरा वेळा गाठ पडली होती आणि अकरा वेळा वेंडेल हरला होता.

याचं कारण सगळ्या लीगला ठाऊक होतं. व्हर्जिल पूर्वीचा पिचर. सहा वर्षं तो चेंडू फेकायचा आणि वेंडेल ते झेलायचा. प्रवासात दोघे एका खोलीत राहिले आणि सहा हिवाळे व्हर्जिल आर्डिथच्या हातचं कोंबडीचं कालवण ओरपत होता. मॅनेजर तिसऱ्या बेसजवळ उभा राहून खुणा करतो. टोपीला हात लावला, पट्टा चाचपला, कोपर चोळलं, की त्यावरून धावणाऱ्याने बेस चोरायचा, म्हणजे चेंडू मारला जायची वाट न पाहता पुढच्या बेसवर पळायचं, की बॅटरने चेंडू नुसता बॅटला टेकवून जवळच पाडायचा हे ठरतं. मधल्या खुणा निव्वळ धूळफेकीच्या. वेंडेल रोज खुणा बदलायचा. त्याने दोनच गोष्टी साधत. त्याची स्वतःची पोरं गोंधळून जात, आणि व्हर्जिल मैदानाच्या कडेला आपल्या डगआऊटमधल्या बाकावर शेंगा खात खात म्हणे, "आता चोरी करणार. कान खाजवला की नाही? वेंडी घाबरला की कान खाजवतो."

सामन्याच्या सकाळी अंडी परतता परतता आर्डिथ म्हणाली, "तुझ्या खुणा मलासुद्धा कळतात. तिसऱ्या ओळीतून. आणि मी विणत असते."

"मग काय करू? हात बांधून उभा राहू?"

"खुणा मी करते."

वेंडेलचा काटा तोंडाजवळ थबकला.

"टोपी सारखी केली की चोरी. पंख्याने वारा घेतला की चेंडू टेकवायचा. विणकाम मांडीवर ठेवलं की मारायचा. तू तिथे उभा राहून हवं तेवढं खाजव. व्हर्जिल तुझ्याकडे बघत बसेल."

"आणि तुला कसं कळणार मला काय हवंय ते?"

"चौदा वर्षं झाली लग्नाला," आर्डिथ म्हणाली आणि अंडं उलटलं.

पोरांना सांगितलं तेव्हा डगआऊटमध्ये हशा पिकला. लेस्टर हॉप नावाचा बुटका दुसऱ्या बेसचा खेळाडू होता. फलंदाजीचा आकडा असा की तो मोठ्याने वाचायचीही लाज वाटावी. त्याने भीतभीत विचारलं, "स्किपर, मिसेस क्राउझरना खरंच उकडलं आणि त्यांनी वारा घेतला तर?"

"तर चेंडू टेकव. तिला उकडलेलं मी कधी पाहिलेलं नाही."

आणि काय गंमत, सहा डाव हा बेत लोण्यासारखा चालला. वेंडेल तिसऱ्या बेसजवळ अंगात मुंग्या शिरल्यासारखा नाचत होता. कान, नाक, पट्टा, गुडघा, सगळं झालं. व्हर्जिल आपल्या कॅचरला ओरडून सांगे, "चोरी! चोरी येतेय!" आणि बॅटर शांतपणे चेंडू कोपऱ्यात ढकलून मोकळा होई. बेलकर्कच्या चार धावा झाल्या. व्हर्जिलने शेंगा खाणं थांबवलं.

सातव्या डावात पहिल्या बेसवरचा बेलकर्कचा पोरगा प्रत्येक चेंडूआधी प्रेक्षकांकडे मान वळवतोय हे व्हर्जिलच्या डोळ्यांत भरलं. आधी त्याला वाटलं, तिथे कुणी मुलगी बसली असेल. मग त्यानेही तिकडे पाहिलं. तिसऱ्या ओळीत हिरवी लोकर मांडीवर घेऊन आर्डिथ बसली होती. तिने मानेने नमस्कार केला. व्हर्जिलनेही टोपी काढली आणि मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

दोन डावांच्या मधल्या वेळात तो कठड्यापाशी गेला आणि गावच्या बँडमास्तरशी मोठ्या आपुलकीने बोलला. "अहो, तुमचा तो मोठा भोंगा वाजवणारा भला माणूस उन्हात भाजून निघतोय. त्याला जरा सावलीत बसवा की. ती बघा, दुसऱ्या ओळीत जागा आहे."

बँडमास्तरला त्याची माणुसकी आवडली. भोंगावाला येऊन बसला तो नेमका आर्डिथच्या पुढ्यात. माणूस दोन माणसांएवढा आणि त्याच्या खांद्यावर तो पितळेचा कर्णा, बैलगाडीच्या चाकाएवढ्या तोंडाचा. मैदानावरून पाहिलं तर आता तिसऱ्या ओळीत फक्त पितळ चमकत होतं. आर्डिथ उभी राहिली तर मागचे ओरडले, "खाली बसा बाई! पैसे देऊन आलोय!" ती डावीकडे झुकली तर कर्णाही तालावर डावीकडे झुकला.

टॅनरीने आठव्या डावात बरोबरी साधली. चार-चार.

शेवटच्या, नवव्या डावात बेलकर्कची पाळी आली. एक बाद झाला होता, पण नशिबाने आणि टॅनरीच्या दोन गळक्या हातांनी तिन्ही बेसवर बेलकर्कचीच माणसं उभी राहिली. एक धाव हवी होती. आणि बॅट घेऊन आला लेस्टर हॉप.

लेस्टरने आधी कर्ण्याकडे पाहिलं. मग त्याने वेंडेलकडे पाहिलं. बिचाऱ्याचे डोळे पाणावलेले दिसत होते.

वेंडेलला काय करायला हवं ते लख्ख ठाऊक होतं. लेस्टरने चेंडू टेकवायचा आणि तिसऱ्या बेसवरच्याने चेंडू सुटताच घरच्या बेसकडे धूम ठोकायची, की धाव झाली. पण ही खूण केली की व्हर्जिल ती वाचणार, चेंडू बॅटच्या आवाक्याबाहेर फेकायला लावणार, आणि धावणारा पोरगा मधल्या मधे कापला जाणार. खोटी खूण केली तर लेस्टर ती खरी मानणार. वेंडेलचा हात आपोआप कानाकडे निघाला. अर्ध्या वाटेवर त्याला लाल दोऱ्याने काढलेलं आपलं नाव दिसलं आणि हात हवेतच थांबला.

आयुष्यभर प्रत्येक चेंडूआधी त्याची बोटं काहीतरी सांगत आली होती. आज सांगण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून त्याने ते पँटच्या मागच्या खिशांत कोंबले. उजवा जाईना. एकेक वाकडं बोट घुसवावं लागलं.

टॅनरीच्या डगआऊटमध्ये व्हर्जिल ताडकन उभा राहिला.

"खिसे? त्याने हात खिशात घातले?" तो शेजारच्याला म्हणाला. "अरे, वेंडी कधीच खिशात हात घालत नाही! त्याची बोटंच मावत नाहीत! डिसेंबरात गोठला तरी बाहेर ठेवायचा. ही खूण आहे. ही नवी खूण आहे!"

"कशाची?"

"कशाची म्हणजे? टेकवणार आणि पळणार! बाहेर फेक!"

चेंडू बॅटरपासून चांगला हातभर लांब गेला. कुणी पळालं नाही. लेस्टर पुतळ्यासारखा उभा. एक चेंडू बाहेर.

वेंडेलचे हात खिशातच होते. खरं तर उजवा आता निघत नव्हता.

"पहिल्या चेंडूवर हुलकावणी दिली त्याने," व्हर्जिल म्हणाला. "आता पळणार. बाहेर!"

दोन चेंडू बाहेर. तिसऱ्या बेसवरचा पोरगा जांभई देत होता. व्हर्जिलने खेळ थांबवला, मैदानात जाऊन पिचरच्या कानाशी लागला आणि परत येताना वेंडेलपाशी घुटमळला.

"वेंडी, लेका, काय चाललंय?"

"काही नाही, व्हर्ज."

"हसतोयस."

"हसत नाहीये. माझं बोट अडकलंय."

व्हर्जिलने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू सहा वर्षं एका खोलीत काढलेला माणूस परकाच निघाला होता.

पिचरला आता काय काय सांभाळायचं होतं! तिसऱ्या बेसवरचा पोरगा, मागचे खिसे, आणि मॅनेजर कानात ओतून गेला ते. फेकण्याआधी त्याने तिन्हींकडे पाहून घेतलं. बॅटरकडे पाहायचं तेवढं राहिलं. चेंडू लेस्टरच्या टोपीवरून गेला. तीन. पुढचा त्याच्या बुटांपुढे मातीत आपटला.

"चार!" अंपायर गरजला.

चार बाहेर म्हणजे बॅटरला पहिला बेस फुकट, आणि पुढची सगळी माणसं एकेक बेस सरकणार. तिसऱ्यावरचा पोरगा बाजारातून घरी आल्यासारखा रमत गमत घरच्या बेसवर आला. पाच-चार. बेलकर्क चौथं.

भोंगावाल्याने आनंदाने असा काही फुंकला की आर्डिथच्या हिरव्या लोकरीचा गुंडा घरंगळत पहिल्या ओळीपर्यंत गेला.

लेस्टर धावत आला. "स्किपर, माफ करा, ती खूण मला कळलीच नाही. म्हणून मी काहीच केलं नाही."

"तू आयुष्यात एवढं चांगलं कधी खेळला नव्हतास," वेंडेल म्हणाला आणि पाठ वळवून म्हणाला, "जरा हात ओढ बघू."

मिस्टर ओक्स आले, वेंडेलचा दुखरा हात दाबला आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी. पुतण्याला दुसरं काहीतरी बघतो."

आर्डिथने विणकाम आवरलं. "मी त्याला मारायला सांगत होते," ती म्हणाली. "मांडीवर ठेवलं होतं विणकाम. बरं झालं, दिसलं नाही."

टॅनरीची बस सुटायच्या बेतात होती. तेवढ्यात व्हर्जिल खाली उतरून आला.

"आता हंगाम संपला. सांगून टाक. खिशांचा अर्थ काय?"

वेंडेलने खरं तेच सांगितलं. "काही अर्थ नव्हता, व्हर्ज. मला सुचेना, म्हणून घातले."

"बरं, नको सांगूस," व्हर्जिल दुखावल्या सुरात म्हणाला. "मीही सांगितलं नसतं." मग आर्डिथकडे वळून म्हणाला, "या हिवाळ्यात येऊ ना जेवायला?"

"ये की," आर्डिथ म्हणाली. "एक एप्रन आहे, न वापरलेला. भांडी तू घासायची."

बस निघाली. मागच्या काचेतून व्हर्जिल दिसत होता, दोन बाकांच्या मधे उभा. त्याने आपले हात हळूच मागच्या खिशांत घातले, बाहेर काढले, आणि पुन्हा घालून पाहिले.